स्वेटरच्या रांगेतली दुसरी जागा

त्या वर्षी नाशिकला थंडीच पडेना. दिवाळी झाली, डिसेंबर संपत आला, तरी दुपारी पंखा लावावा लागत होता. घरी सगळे म्हणायचे, बरं आहे, यंदा सुखाचं आहे. मला तसं म्हणता येत नव्हतं. माझ्या दुपारी स्वेटर विकणाऱ्या माणसांत जात होत्या आणि त्यांच्यातल्या एका मुलीची दहावी थंडीवर अडून बसली होती.

शरणपूर रोडच्या बाजूला एका मैदानावर दर हिवाळ्यात तिबेटी लोकांची दुकानं लागायची. बांबू, ताडपत्री, आडव्या दोऱ्या आणि दोऱ्यांवर ओळीने टांगलेले स्वेटर. आपला देश सोडून आलेली माणसं, एवढंच मला त्यांच्याबद्दल माहीत होतं. मी तेव्हा नुकतीच बी.एस्सी. होऊन एका इंग्रजी शाळेत सकाळच्या वर्गांना शिकवत होते. मी स्वतःही इंग्रजी शाळेतलीच. वर्गातल्या लहान मुलांशी बोलताना अडत नसे, पण त्यांचे आईबाप समोर आले की मी फळा पुसायला वळायचे. बाराच्या सुमारास घरी यायचं, जेवायचं आणि आडवं व्हायचं, हेच मला दिवसातलं खरं काम वाटायचं.

ती झोप माझ्या जुन्या शाळेतल्या सिस्टरांनी काढून घेतली. त्या मला रस्त्यात भेटल्या आणि म्हणाल्या, स्वेटरच्या बाजारात दोन-तीन मुलं आहेत, शिकवायला कुणी मिळत नाही. त्यांची शाळा पार हिमाचलच्या डोंगरात. तिथे थंडीत सुट्टी असते म्हणून ती आईबापांबरोबर धंद्याला येतात, आणि मार्चमध्ये बोर्डाची परीक्षा. गणित शिकलेली इंग्रजीतून. मराठीतून शिकवणारे मास्तर त्यांच्या कामाचे नाहीत.

मी म्हटलं, "सिस्टर, मला अनोळखी लोकांत जमत नाही."

"मग बोलू नकोस. नुसतं गणित शिकव."

त्यांना मी लहानपणापासून माहीत होते.

पहिल्या दिवशी तीन मुलं होती. आठवड्यात दोघांना त्यांच्या बापांनी औरंगाबादच्या बाजारात पाठवलं आणि एकच मुलगी उरली. वय अठराच्या आसपास, दोन वेण्या, अंगात आईने विणलेला जाड स्वेटर, जो ती इतक्या उकाड्यातही काढत नसे. स्वेटर विकणाऱ्याने स्वेटर घातलेला दिसला पाहिजे, असं तिची आई म्हणायची. आईला ती 'आमा' म्हणायची. मीही तेच म्हणू लागले.

मागच्या वर्षी ती गणितात नापास झाली होती. या वेळीही नापास झाली तर शाळा तिला ठेवणार नव्हती. डोंगरातल्याच एका हॉस्पिटलात दहावीच्या मार्कांवर मुलींना नर्सिंगला घेत. तिला तिथे जायचं होतं. नाही जमलं तर ती कायमची दुकानात बसणार होती. हे तिने मला पहिल्याच दिवशी अगदी सरळ सांगितलं, जसं गिऱ्हाइकाला माप सांगतात तसं.

आम्ही दुकानाच्या मागच्या बाजूला गठ्ठ्यांवर बसायचो. लोकरीची बारीक तुसं सगळीकडे उडत. डांबराच्या गोळ्यांचा वास. मला एकसारख्या शिंका यायच्या. ती एक समीकरण अर्धं सोडवायची, तेवढ्यात पुढून आमाची हाक यायची, "कार्डिगन! मरून! बडा साइज!" ती उठून गठ्ठा उपसायची, परत यायची आणि कुठवर आलो होतो ते दोघींनाही आठवत नसे. पुन्हा पहिल्या ओळीपासून. कधीकधी मला वाटायचं, मी तिला गणित शिकवत नाही, एकच गणित सतरा वेळा सुरू करायला शिकवते आहे.

पुढे चालणारं बोलणं ताडपत्रीतून ऐकू यायचं.

"अगं, या चिनी का?"

"छे, नेपाळी. ते गुरखे असतात ना, त्यांच्यातल्या."

"ओ बाई, ये प्योर लोकर है क्या?"

"प्योर, दीदी. एकदम प्योर."

"तिबेट से लाया?"

यावर आमा नुसती हसायची. माल लुधियानाचा होता. गठ्ठ्यांवर तसा शिक्काच असायचा आणि आम्ही त्याच्यावरच बसलेलो असायचो. मुलगी माझ्याकडे बघून हळूच म्हणायची, "मॅडम, तिबेट तो हमने भी नहीं देखा." ती म्हैसूरच्या बाजूला, त्यांच्या वसाहतीत जन्मली होती. वडील तिथे मक्याची शेती बघत होते, धाकटी बहीण त्याच डोंगरातल्या शाळेत होती, सुट्टीत ती वडिलांकडे जायची, आणि वर्षातले तीन महिने आमा आणि ही नाशिकला. चार माणसांचं घर, चारही जण कधी एका ठिकाणी नसायचे.

शेजारच्या दुकानातली बाई माझी फार थट्टा करायची. "मॅडम, आप बोलता नहीं. शादी कैसे बनेगा?"

"उसका आदमी बोलेगा," आमा म्हणायची.

त्या सगळ्या हसायच्या आणि मी वहीत बघायचे. राग येत नसे. आमच्या कॉलनीत हेच वाक्य काळजीच्या सुरात म्हटलं जाई, ते मला जास्त जड जायचं.

जानेवारी लागला. धंदा नव्हता. दिंडोरीहून एक द्राक्षवाले शेतकरी बायकोसाठी शाल बघायला आले होते. आमाने त्यांना विचारलं, "थंडी कब पडेगा?"

ते दचकलेच. "नाव नका काढू, बाई! थंडी पडू नाय म्हणून आमी देव पाण्यात घालून बसलोय. मणी तडकला की वर्ष गेलं. अन् तुमी इथं थंडीची वाट बघताय व्हय?"

"थंडी नहीं, तो हमारा साल गया," आमा म्हणाली.

"मंग देवानं कुणाचं ऐकावं?" असं म्हणत त्यांनी शाल घेतली. बहुतेक आमाची दया आली म्हणून. भाव मात्र केला नाही, कारण तिथे करता येतच नसे. सगळ्या रांगेत एका मालाचा एकच भाव, सगळ्यांनी बसून ठरवलेला. कुठे बसायचं तेही दरवर्षी चिठ्ठ्या टाकून ठरायचं. भाव तोडला तर रांगेचे अध्यक्ष, एक चष्मेवाले म्हातारे गृहस्थ, दुकान दिवसभर बंद ठेवायला लावत.

एरवी जानेवारीअखेर माल संपून सगळे आवराआवर करत. त्या वर्षी निम्मे गठ्ठे उघडलेलेच नव्हते. त्यांनी मैदानाची परवानगी आणखी महिनाभर वाढवून घेतली. मुलीला मात्र फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात निघायला हवं होतं. बाजारातली शाळेची सगळी मुलं एकत्र जात, एक वयस्क माणूस त्यांना नाशिकरोडहून गाडीने घेऊन जाई. तीन दिवसांचा प्रवास. ती तुकडी चुकली तर एकट्या मुलीला तेवढ्या लांब कोण सोडणार?

"माल बिक गया तो जाएगी," आमा म्हणायची. तिच्या आवाजात दुष्टपणा अजिबात नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीला थंडी पडली. एका सकाळी शाळेत जाताना सायकलच्या हँडलवर बोटं बधिर झाली. दोन दिवसांत सगळं शहर काकडलं. निफाडकडे दव गोठलं, बागांत रात्रभर शेकोट्या पेटवल्या, अशा बातम्या येऊ लागल्या. मला ते दिंडोरीचे शेतकरी आठवले आणि तरीही मी मनात म्हटलं, सुटलो.

सुटलो नव्हतो. मैदानावर पाय ठेवायला जागा नव्हती. आता माल हातोहात जात होता आणि आता तर आमाला मुलीला सोडणं अजिबात शक्य नव्हतं. त्यांच्या दुकानात दोन माणसं लागायचीच. एक बोलायला, एक बघायला. बोलणारा पुढे, भाव सांगणारा, माप लावणारा. बघणारा मागे, थोडा उंचावर, गठ्ठ्यावर बसलेला. त्याने नुसते हात बघायचे. गर्दीत मफलर, कानटोप्या, लहान मुलांचे स्वेटर कुणाच्या पिशवीत जातील सांगता यायचं नाही. शेजारचे दुकानदार मदतीला येऊ शकत नव्हते, त्यांच्याकडेही तीच धांदल. औरंगाबादला आमाची बहीण होती. ती तिथलं आवरून येणार होती, पण मुलांची तुकडी गेल्यानंतर आठवड्याने.

मुलगी त्या दिवशी गठ्ठ्यावर वही न घेताच बसली होती.

"मॅडम, मत आओ कल से," ती म्हणाली. "टाइम नहीं है."

मी घरी निघाले होते. खरं म्हणजे मला बरंच वाटायला हवं होतं. दुपारची झोप परत मिळणार होती. मी ताडपत्रीपर्यंत गेले, परत आले आणि म्हटलं, "मैं बैठूँगी. मौसी आने तक."

आमाने ऐकलं, पण हिशोब लागेना तशी माझ्याकडे बघत राहिली. शेजारीण ओरडून दुसऱ्या दुकानाला सांगू लागली. अध्यक्ष आले. त्यांना ते पसंत नव्हतं. ते शांतपणे म्हणाले की गिऱ्हाईक आमचे चेहरे बघून येतं. मराठी मुलगी दुकानात दिसली की म्हणेल, माल इथलाच आहे. शिवाय मराठी मुलीशी मराठीत घासाघीस सुरू होईल, आणि ही भाव तोडून बसेल.

आमा म्हणाली, "ये बोलेगी नहीं. सिर्फ देखेगी. ये तो वैसे भी नहीं बोलती."

सगळी रांग हसली. अध्यक्षही हसले. माझ्या स्वभावाचा कुणाला उपयोग झाल्याचं मला तरी दुसरं उदाहरण आठवत नाही.

मुलगी तुकडीबरोबर गेली. मी स्टेशनवर गेले नाही, शाळा होती. जाताना तिने मला एकच विचारलं, वर्तुळावर प्रश्न आलाच तर प्रमेय आधी लिहू की आकृती आधी. मी म्हटलं, आकृती.

मग मी रोज शाळेतून थेट मैदानावर जाऊ लागले. गठ्ठ्यावर बसायचं, ओढणी नाकावर धरायची आणि हात बघायचे. इतके हात मी आयुष्यात पाहिले नव्हते. हात माणसापेक्षा लवकर ओळखीचे होतात. घेणारा हात आधी किमतीच्या चिठ्ठीकडे जातो. न घेणारा नुसता कापड कुरवाळतो. आणि तिसरा हात काहीच करत नाही, दुसऱ्या कशावर तरी पडून राहतो. त्याच्याकडे बघायचं.

कुणी काही उचललं तर ओरडायचं नाही, हा रांगेचा रिवाज आमाने मला समजावला होता. चोर म्हणायचं नाही. तीच वस्तू दुसऱ्या रंगाची हातात धरायची आणि म्हणायचं, "दीदी, इसमें दूसरा कलर भी है." समोरच्याला कळतं. तो वस्तू पिशवीतून काढतो, दोन्ही रंग बघितल्यासारखं करतो, नको म्हणतो आणि जातो. कुणाचीच लाज जात नाही. आपण परक्या गावात आहोत, आमा म्हणाली, पुढच्या वर्षी याच लोकांना विकायचं आहे. मी दोनदा तसं केलं. हिंदीत, आमासारखंच, खाली बघून. दोन्हीदा वस्तू परत आली.

तिसऱ्या वेळी ज्या आल्या त्या आमच्या कॉलनीतल्या काकू होत्या. आईच्या भिशीतल्या. त्यांनी मला पाहिलं नव्हतं, मी मागे होते, नाकावर ओढणी. त्या आमाशी मोडक्या हिंदीत जोरात भांडत होत्या आणि त्यांच्या डाव्या हाताने एक लहान मुलाची कानटोपी पिशवीतल्या मेथीच्या जुडीखाली सारली. मी पाहिलं. आमानेही मी पाहिल्याचं पाहिलं.

मी पिवळी कानटोपी उचलली. पुढे झाले. आणि तोंडातून निघालं ते मराठीत.

"काकू, यात दुसरा रंगही आहे."

हिंदीत असतं तर त्यांना न कळल्यासारखं करता आलं असतं. परक्या बाईचं मोडकं बोलणं म्हणून सोडून देता आलं असतं. माझ्या मराठीत तेवढी जागाच नव्हती. त्यांचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल.

"अगं बाई, तू? इथे?" त्यांनी कानटोपी काढून आमापुढे ठेवली, पर्स उघडली, पैसे दिले. "हेच तर घेत होते मी. आणि तू काय गं, नोकरी सोडलीस की काय? आईला माहीत आहे?"

"हो," मी म्हटलं. ते खोटं होतं. घरी मी शिकवायला जाते एवढंच सांगितलं होतं.

संध्याकाळी मी घरी पोचायच्या आत बातमी पोचली होती. कानटोपीची नाही. आई ओट्याशी उभी होती. "रस्त्यावर स्वेटर विकतेस म्हणे. भर बाजारात, त्या लोकांबरोबर. मला चार बायकांत मान वर करता आली नाही."

"विकत नाही. बसते नुसती."

"बसतेस! हे तर आणखीच छान."

मी काकूंचं सांगितलं असतं तर कदाचित विषय उलटला असता. सांगितलं नाही. तो रांगेचा रिवाज होता की माझा भित्रेपणा, मला अजून नीट ठरवता आलेलं नाही.

बाबा वर्तमानपत्र वाचत होते. ते कधी आवाज चढवत नसत. "शिकवणं वेगळं," ते म्हणाले, "हे वेगळं. उद्यापासून नाही."

रात्री मी विचार केला तो साधाच होता. मौसी यायला अजून काही दिवस होते, आणि ती ठरल्या दिवशी येईलच असंही नव्हतं. मी गेले नाही तर आमा एकटी. एकटीने दुकान चालत नाही, आणि ती मुलीला परत बोलवायला कुणाकडून तरी तार करवेल. मुलगी येईल. ती न येणाऱ्यातली नव्हती. परीक्षेला तीन आठवडे राहिले होते. आणि दुसरीकडे मी इतकी दमले होते की मला कुणीतरी 'उद्यापासून नाही' म्हटल्याचं थोडं सुखही वाटलं. ते लपवण्यात अर्थ नाही.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी मैदानावर गेले, ते आमाला सांगायलाच. आता यायला जमणार नाही. वाक्य हिंदीत जुळवून ठेवलं होतं. दुकानापुढे पेठ तालुक्यातल्या बायकांचा घोळका होता, द्राक्षाच्या कामाला आलेल्या, सगळ्या एकदम बोलत होत्या. आमा दोन्ही हातांत स्वेटर धरून त्यांच्यात उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. मागचा गठ्ठा रिकामा होता. मी चपला काढल्या आणि वर जाऊन बसले.

मौसी येईपर्यंत मी रोज गेले. घरी कुणी काही विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. बाबा माझ्याशी होळीपर्यंत बोलले नाहीत. आईने भिशी बदलली.

पुढच्या नोव्हेंबरात रांग पुन्हा लागली. मी दोन-तीनदा सायकलवरून बाहेरूनच गेले. आत जायचं धाडस होत नव्हतं. दुकानात कोण बसलं आहे त्यावरून मला निकाल कळणार होता. चौथ्या दिवशी गेले. त्यांची चिठ्ठी अगदी टोकाची, भिंतीकडची निघाली होती. पुढे तीच उभी होती. स्वेटर फटकन उलगडत, एका नवऱ्या-बायकोला सांगत होती, "भाईसाब, आपको नहीं, इनको पूछो, पहनना इनको है." बाई हसली. दोन स्वेटर गेले.

मला बघून ती पुढे आली. "गणित में पास, मॅडम," ती म्हणाली. "सब में पास."

"और नर्सिंग?"

"लिस्ट में नहीं आया. ज़्यादा मार्क वाली लड़कियाँ थीं." ती हे सांगताना स्वेटरची घडी घालत होती आणि घडी व्यवस्थित बसली. "अगले साल फिर देखेगा, बोला है."

मला काय वाटायला हवं होतं मला माहीत नाही. मी तिच्याकडे बघत होते आणि मला दिसत होतं की ती फार चांगली विकते. आमापेक्षा चांगली. मागे गठ्ठ्यावर आमा बसली होती, आता ती बघणारी. वर्षभरात ती बरीच थकली होती. तिने मला हात केला.

सिस्टर पुढे एकदा विचारत होत्या, त्या मुलीचं काय झालं. मी म्हटलं, पास झाली. त्यांना आनंद झाला. पुढचं मी सांगितलं नाही. पुढच्या वर्षीही यादीत नाव आलं नाही, त्याच्या पुढच्या वर्षी तिने अर्जच केला नाही.

त्या दिवशी मात्र मी निघताना तिने हाक मारली. "मॅडम, छोटी का इस साल दसवीं है. अगले महीने छुट्टी में आएगी. अंग्रेज़ी बहुत खराब."

माझ्या पिशवीत तपासायचे चाळीस पेपर होते. खांदा दुखत होता. मी म्हटलं, "दोपहर को. लेकिन तीन के बाद. मैं पहले सोऊँगी."

"सोओ, मॅडम," ती म्हणाली आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली.